ताराबाईंचं अंगण

रडणारं बाळ आईनं उचललं, खांद्याशी धरून दोन येरझाऱ्या घातल्या, की गप्प होतं. नाहीच झालं तर झोळीत घालायचं, दोन-चार झोके द्यायचे, की डोळे मिटायला लागतात. हे आपल्याला कुठल्या पुस्तकानं शिकवलेलं नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून ऊसतोडीला निघालेली बाई फडाच्या कडेला बाभळीच्या फांदीला जुनेराची झोळी बांधते. येता-जाता एक झोका देते आणि पुन्हा कोयता हातात घेते. नगर शहरातल्या फ्लॅटमधली सून त्याच कामासाठी स्प्रिंगचा पाळणा विकत आणते. दोघींची बाळं शांत होतात ती सारख्याच कारणानं.

त्या कारणाचा एक धागा कानात आहे. हो मैत्रिणींनो, कानातच! कान फक्त ऐकण्यासाठी, असं आपण धरून चालतो. पण कानाच्या अगदी आतल्या भागात, हाडाच्या पोकळीत, तोल सांभाळणारी एक इवलीशी यंत्रणा असते. डॉक्टर तिला व्हेस्टिब्युलर सिस्टिम म्हणतात. तीन दिशांना वळलेल्या तीन अर्धगोल नळ्या आणि त्यांच्या पायथ्याशी दोन पिशव्या. नळ्यांमध्ये पाण्यासारखा द्रव असतो. मान वळली, गिरकी घेतली की तो मागे रेंगाळतो आणि आतले केसासारखे तंतू वाकतात. पिशव्यांमध्ये चुन्याचे अतिसूक्ष्म खडे असतात. आपण वर गेलो, खाली आलो, पुढे सरकलो, कलंडलो की ते खडे सरकतात. खाली कुठे, वर कुठे, मी हलतोय की जग हलतंय, हे सगळं मेंदूला तिथून कळतं. आईच्या पोटातच या यंत्रणेची घडण पुरी होत आलेली असते. आई चालते, दळते, वाकते, तेव्हा बाळ आत झुलतच असतं की!

हे सगळं बारकाईनं कळलं ते अलीकडच्या काळात. पण लहान मुलाला जागेवर डांबून शिकवता येत नाही, त्याच्या शिकण्याची सुरुवात त्याच्या हालचालीतून होते, ही गोष्ट महाराष्ट्रात ज्यांनी आयुष्य पणाला लावून रुजवली त्या ताराबाई मोडक. अंगणवाडी हा शब्द आज आपल्या गावागावांत आहे. तो शब्द ज्यांच्या कामातून आला, त्या बाईची गोष्ट मात्र आपल्यातल्या कितीजणींना ठाऊक असते?

मोडलेला संसार, नवी वाट

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई, दोघंही प्रार्थना समाजाचे. मुलींनी शिकावं, हे त्या घरात वादाचा विषय नव्हताच. १९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. ज्या काळात मुलीला सही करता आली तरी कौतुक व्हायचं, त्या काळातली ही बी. ए. झालेली मुलगी. पुढे लग्न होऊन त्या अमरावतीला गेल्या. पती वकील होते. वरून बघणाऱ्याला सगळं चांगलंच दिसलं असेल. पण संसार टिकला नाही. १९२१ मध्ये घटस्फोट झाला.

१९२१ चा घटस्फोट! आज, शंभर वर्षांनंतरही, आपल्या गावाकडे सोडचिठ्ठी झालेल्या बाईकडे लोक कसे बघतात ते आपण जाणतोच. लहान मुलगी पदरात आणि पुढची वाट स्वतः शोधायची. ताराबाई राजकोटला गेल्या आणि तिथल्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. मानाची जागा, बरा पगार. एखादी बाई तिथंच स्थिरावली असती आणि त्यात तिचं काही चुकलंही नसतं.

त्याच सुमारास भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ लहान मुलांचं बालमंदिर चालवत होते. पेशानं हेही वकील. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं या विचारात त्यांनी मारिया मॉन्टेसरी यांची पुस्तकं वाचली आणि वकिली सोडून मुलांमध्ये जाऊन बसले. लोक त्यांना कौतुकानं मिशीवाली आई म्हणत. १९२० मध्ये सुरू झालेल्या या बालमंदिरात छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती, बक्षिसं नव्हती. आपल्या मुलीला कुठल्या शाळेत घालावं, हा प्रश्न ताराबाईंपुढे होताच. राजकोटची नोकरी सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला आल्या. आई म्हणून पडलेला प्रश्न पुढे जन्माचं काम झाला.

रेघेवरून चालणारी मुलं

मॉन्टेसरीबाई मुळात डॉक्टर. १९०७ मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह काढलं. मुलाचं मन आणि त्याचं शरीर वेगवेगळं वाढत नाही, हात-पाय हलले तरच बुद्धी उमलते, हे त्यांच्या सांगण्याचं सार. त्यांच्या पद्धतीत एक साधा खेळ आहे. जमिनीवर लांबट गोल रेघ आखायची आणि मुलांनी तिच्यावरून चालायचं. टाचेला पुढचा पाय टेकवत, सावकाश. जमलं की हातात पाण्यानं भरलेला पेला घ्यायचा आणि थेंबही न सांडता चालायचं. कुणाच्या हातात छोटी घंटा, ती वाजू द्यायची नाही.

बघणाऱ्याला वाटावं, यात शिक्षण कसलं? पण जरा विचार करा. पेला न सांडता चालणाऱ्या मुलाचे डोळे, मान, पाठ, तळपाय सगळे एकमेकांचं ऐकत असतात. त्या सगळ्यांचा मेळ घालण्यात कानातल्या त्या तोलाच्या यंत्रणेचा मोठा वाटा असतो. आपण मान हलवली तरी समोरचं अक्षर हलत नाही, कारण मान जितकी एका बाजूला वळते, तितकेच डोळे आपोआप दुसऱ्या बाजूला वळतात. हा हिशोब त्या नळ्यांकडून येतो. म्हणजे पुस्तकावर नजर ठरणं, फळ्याकडे बघून वहीत उतरवणं, बाकावर पाठ ताठ ठेवून बसता येणं, या शाळेतल्या कामांची तयारी धावण्यात, चढण्यात, झुलण्यात होत असते. स्वस्थ बसता यावं म्हणून आधी भरपूर हलावं लागतं!

भावनगरला ताराबाई नऊ वर्षं राहिल्या. शिकवलं, शिक्षक तयार केले, गुजरातीत लिहिलं. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, त्यात गिजुभाईंच्या बरोबरीनं त्या होत्या. शिक्षणपत्रिका आधी गुजरातीत निघाली, मग ताराबाईंनी ती मराठीत आणली. आईबापांसाठी सोप्या भाषेत लिहिणं त्यांनी कधी कमी दर्जाचं मानलं नाही.

मग मुंबई. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाला आणि बालशिक्षिका तयार करणारं अध्यापन मंदिरही. मध्यमवर्गीय आयांना हे नवं शिक्षण पटू लागलं. नाव झालं. पण एक गोष्ट ताराबाईंना टोचत होती. मॉन्टेसरीचं साधन-साहित्य महाग, सुताराकडून नेमक्या मापात करून घ्यावं लागणारं. ते परवडणार कुणाला? ज्या मुलांना याची सगळ्यांत जास्त गरज, ती तर दारापर्यंतही पोचत नव्हती. गांधीजींच्या विचारांचा ओढाही खेड्यांकडेच होता.

शाळा अंगणात गेली

१९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी मुंबई सोडली आणि समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आता तो भाग पालघर जिल्ह्यात येतो. सोबतीला आल्या अनुताई वाघ. लहानपणीच वैधव्य आलेल्या, हिमतीनं शिकलेल्या. एक घटस्फोटिता, एक बालविधवा. समाजानं ज्यांना शुभकार्यात मागं उभं केलं असतं, अशा या दोघी हजारो लेकरांच्या आया झाल्या.

बोर्डीत बालवाडी निघाली. जागा चांगली, शिकवणाऱ्या मनापासून शिकवणाऱ्या. पण दलित वस्तीतली मुलं काही येईनात. कारणं आपल्याला आजही ओळखीची आहेत. आई मजुरीला गेलेली, अंगावर धड कपडा नाही, गावाच्या चौकात जायची भीती. अशा वेळी बहुतेकजण म्हणतात, आम्ही शाळा काढली, येत नाहीत त्याला आम्ही काय करणार? ताराबाईंनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं त्याच्या अंगणात जावं. सामान उचलायचं, वस्तीवर जायचं, अंगणात मुलं गोळा करायची. आधी अंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखं कापायची. मग गाणी, गोष्टी, खेळ. हीच ती अंगणवाडी.

साहित्य कुठलं? समुद्रावरचे शंख-शिंपले, नदीतले गोटे, बिया, पानं, बांबूच्या कांड्या. मोजायला तेच, रंग ओळखायला तेच, ओळीत मांडायलाही तेच. महागडं मॉन्टेसरी त्यांनी दारातलं करून टाकलं. आणि अंगणात शिकवल्यानं आणखी एक गोष्ट झाली. भिंती नव्हत्या, बाकं नव्हती. वाकणं, उचलणं, धावत जाऊन गोटा आणणं, गाण्याबरोबर गिरकी घेणं यातच शिकणं आलं. व्हेस्टिब्युलर हा शब्द ताराबाईंनी वापरला असं मी म्हणणार नाही. पण त्या यंत्रणेला जे हवं असतं ते अंगणातल्या शाळेत आपसूक मिळत होतं.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांच्या मधोमध गेलं. ताराबाई तेव्हा पासष्टीच्या. वारली मूल झाडावर चढत, बांधावरून तोल सांभाळत, तारप्याच्या तालावर फेर धरत वाढतं. त्याला चार तास मांडी घालून बसवा, ते पळून जाणार. मास्तर त्याला ढ म्हणणार. ताराबाई आणि अनुताईंनी मुलाला दोष दिला नाही, शाळा बदलली. गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत ना? मग कुरणातच शाळा भरवली, तिचं नाव कुरणशाळा. थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घरी अडकते ना? मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तान्हं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. हिला विकासवाडी म्हणत. कडेवरचं ओझं उतरलं तेव्हाच कितीतरी पोरींच्या हातात पाटी आली. आपल्या ऊसतोडीच्या कोप्यांवर आजही आठ-नऊ वर्षांची पोर धाकट्याची झोळी हलवत बसलेली दिसते, तेव्हा त्या विकासवाडीचं मोल कळतं.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. पुढे अनुताईंनी १९९२ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत काम चालू ठेवलं. ताराबाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात तेहतीस ठिकाणी सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज पार आसामपासून केरळपर्यंत लाखो केंद्रांवर हा आपला मराठमोळा शब्द आहे.

शास्त्र काय सांगतं

ताराबाई गेल्या त्याच्या आदल्याच वर्षी, १९७२ मध्ये, अमेरिकेत जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंचं पुस्तक आलं. तोल, स्पर्श आणि स्नायूंची जाणीव यांचा मेळ बसला नाही तर मुलाला शिकणं जड जातं, असं त्यांचं म्हणणं. मोठ्या शहरांतल्या थेरपी सेंटरमध्ये छताला टांगलेले झोके दिसतात, ते त्यांच्याच विचारातून आलेले. आता हेही सांगायला हवं की या उपचाराचे सगळे दावे सिद्ध झालेले नाहीत. झोका दिला की मूल हुशार होतं, किंवा गिरक्या घेतल्या की स्वमग्नता जाते, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पण काही गोष्टी पक्क्या आहेत. जन्मतः ऐकू न येणाऱ्या काही मुलांची तोलाची यंत्रणाही अधू असते, कारण दोन्हींचं घर एकच. अशी मुलं मान उशिरा धरतात, उशिरा बसतात आणि चालतातही उशिरा. तोलाच्या यंत्रणेचे धागे मेंदूतल्या जागा आणि वाटा लक्षात ठेवणाऱ्या भागाशी जोडलेले आहेत. ज्या मोठ्या माणसांची ही यंत्रणा दोन्ही कानांत निकामी होते, त्यांना वाट लक्षात ठेवणं अवघड जातं, हे अभ्यासातून दिसलं आहे. भीती आणि घाबरेपणाशीही तिचं नातं आहे. चक्कर येणाऱ्या बाईच्या छातीत धडधड होते, जीव घाबरा होतो, ते नुसते मनाचे खेळ नसतात. आणि हलक्या झोक्यानं बाळ शांत होतं, हे तर आपण घरोघरी बघतोच.

म्हणून आपल्यासाठी चार गोष्टी. बाळाला हळुवार झुलवा, पण रडतंय म्हणून रागानं गदागदा कधीही हलवू नका, त्यानं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. झोळीची गाठ आणि फांदी रोज तपासा, बाळाचं तोंड कापडात गुरफटू देऊ नका. कान वाहत असेल तर तेल घालून वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा. कानात साठलेल्या पाण्यानंही मुलाचा तोल बिघडतो. आणि पाचव्या महिन्यातही बाळ मान धरत नसेल, दीड वर्ष होऊनही चालत नसेल तर तपासणी करून घ्या, कानाचीसुद्धा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांच्या पथकानं वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायचं असतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

अंगणवाडीतलं अंगण कुठे गेलं?

महिला मंडळाच्या कामानिमित्त जिल्ह्यातल्या अनेक अंगणवाड्यांत माझं जाणं होतं. काही इतक्या सुंदर आहेत की आपणही लहान होऊन बसावं. पण एका ठिकाणी बघितलं, भाड्याची दहा बाय बाराची खोली, त्यातच पोषण आहाराची पोती, त्यातच वजनकाटा आणि उरलेल्या जागेत पंचवीस मुलं हाताची घडी घालून बसलेली. दाराबाहेर ट्रॅक्टरची वर्दळ, म्हणून बाहेर जायचं नाही. ताई तरी काय करणार? तिच्यामागे रजिस्टरं, मोबाइलवरची माहिती, आहार, लसीकरण... नाव अंगणवाडी आणि अंगणच नाही!

आणि ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांचं काय बरं चाललंय? तीन वर्षांचं लेकरू टाय बांधून इंग्लिश मीडियमच्या नर्सरीत, बाकावर. घरी आलं की सोफ्यावर, हातात मोबाइल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की एक ते चार वर्षांच्या मुलानं दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल करावी, त्याला एका वेळी तासाभरापेक्षा जास्त जखडून ठेवू नये आणि दोन वर्षांच्या आत पडदा दाखवूच नये. आपल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही २०२० पासून लहान वयात खेळातून शिक्षण यावर भर आहे. म्हणजे ताराबाईंनी जे बोर्डीत केलं, त्याच वाटेवर सगळे आलेत. कागदावर तरी.

खरं तर आपल्याकडे काय नव्हतं? नागपंचमीला लिंबाला झोके बांधले जायचे आणि सासुरवाशिणीही उंच झोके घ्यायच्या. फुगडी, झिम्मा, पिंगा, लंगडी, सूरपारंबी. यातला एकेक खेळ म्हणजे त्या कानातल्या यंत्रणेची तालीमच. फुगडीनंतर जग गरगरतं, आपण हसत बसकण मारतो आणि क्षणात सावरतो. पडणं आणि सावरणं दोन्ही त्यातच येतं. घाबरट पोर एकदा उंच झोक्यावर गेली की तिची भीड चेपते, हे आपल्या आज्यांना चांगलं माहीत होतं.

मैत्रिणींनो, यातलं फार काही खर्चाचं नाही. गावच्या अंगणवाडीला जागा हवी असेल तर ग्रामसभेत विषय आपणच काढायचा. पोषण आहाराबद्दल आपण बोलतो, तसंच अंगणाबद्दल बोलायचं. चिंचेला एक मजबूत दोर, जमिनीवर चुन्यानं आखलेली एक रेघ, पाण्याचा पेला, चार गोटे. सासूबाईंना फुगडी शिकवायला बोलवा, त्या आनंदानं येतील. घरात मूल उड्या मारतं, गिरक्या घेतं म्हणून लगेच डाफरू नका, ते आपला अभ्यासच करत असतं.

मोडलेल्या संसारातून बाहेर पडलेल्या एका बाईनं दुसऱ्यांच्या अंगणात शाळा मांडली. सरकारनं तिच्या कामातला शब्द घेतला, तो देशभर गेला. त्या शब्दातलं अंगण लेकरांना परत मिळवून देणं मात्र आपल्याच हातात आहे.